परतीची वाट आणि वाटेवरची माणसे

(श्रींच्या जत्रोत्सवानिमित्त संस्थानाच्या अग्रशाळेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जत्रोत्सवाच्या दिवसांत या अग्रशाळेच्या खोल्या उघडतात, वर्षभर बंद असलेल्या दारांच्या कड्या वाजतात आणि मुंबई, पुणे, बेळगाव, इंदूर, वडोदरे अशा दूरदूरच्या ठिकाणांहून आलेली कुटुंबे एका पंगतीला बसतात. या पंगतीत बसलेला प्रत्येक जण कोठून तरी येथवर आलेला असतो. देवदर्शनाविषयी येथे पुष्कळ बोलले जाते व ते योग्यच आहे. परंतु देवापर्यंत येणाऱ्या वाटेविषयी आणि त्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या माणसांविषयी क्वचितच बोलले जाते. आजचा विषय तो आहे.

आपल्या कुळांच्या इतिहासाकडे दृष्टी टाकली तर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडे प्रथम देव प्रवासाला निघाले आणि माणसे त्यांच्यामागून गेली. इ. स. १५४० नंतरच्या काही दशकांत तिसवाडी, साष्टी व बारदेश या महालांतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. त्या धामधुमीत कुठ्ठाळचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. नदी ओलांडली की पलीकडचा अंत्रूज महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली नव्हता, म्हणून देवांनी तेथे आश्रय घेतला. देवांना नवी घरे मिळाली. भक्तांपैकी अनेकांना मात्र ती त्याहून दूर शोधावी लागली. कोणी कारवार व मंगळूरकडे दक्षिणेस उतरले, कोणी घाट चढून बेळगावास गेले, कोणी पुढे मराठ्यांच्या चाकरीत थेट माळव्यात व ग्वाल्हेरात पोहोचले. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडणे महालातील केरीचे. १७९५ सालच्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती. अशा कर्त्या पुरुषामागून गावचे दहा जण जात, त्या दहांमागून पुढे त्यांचे भाचे व पुतणे जात, आणि दोन पिढ्यांत परमुलखात आपल्या आडनावांची एक आळी तयार होई.

म्हणूनच आग्र्याहून मुंबईस येणारा जुना रस्ता आणि पुण्याहून बेळगावकडे जाणारा रस्ता हे दोन्ही आपल्या कुळांच्या दृष्टीने नुसते हमरस्ते नव्हेत. ग्वाल्हेर, देवास, इंदूर, धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, बेळगाव या प्रत्येक मुक्कामी आपले कोणी ना कोणी राहते. कोणाची मावशी, कोणाचा साडू, कोणाचे व्याही, कोणाची आत्या. फौजेच्या आणि चाकरीच्या वाटेने सोयरिकी पसरत गेल्या. गानसरस्वतांच्या चरित्रांतही हीच वाट दिसते. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, पण त्यांची ज्येष्ठ कन्या लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदुरात झाला. बेळगावनजीकच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत देवासला राहिले. बेळगाव आणि माळवा ही दोन टोके नकाशावर दूर दिसतात, परंतु माणसांच्या आयुष्यात ती अनेकदा एका धाग्यात ओवलेली असतात.

या वाटेने काही वर्षांपूर्वी, २०२३ सालच्या माघात, एक दांपत्य ग्वाल्हेरहून आपल्या कुळदेवतेच्या गावी आले. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; अशी दांपत्ये या सभागृहातही बसलेली असतील. पती सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वय चौसष्ट. पत्नी शाळेत शिक्षिका होत्या, वय एकसष्ट. पतीचे वडील १९४० च्या दशकात अंत्रुजातील आपले गाव सोडून ग्वाल्हेरच्या कापडगिरणीत कारकून म्हणून गेले आणि तेथेच स्थायिक झाले. लष्कर भागातल्या दोन खोल्यांत मुले वाढली. घरात कोंकणी, दारात मराठी, रस्त्यावर हिंदी अशी त्यांची तीन भाषांची वाढ. गावचे घर मात्र तसेच राहिले. अर्ध्या भागात चुलतभावाचे बिऱ्हाड, अर्ध्या भागाला कुलूप. निवृत्तीनंतर त्या कुलपाआडच्या भागाची दुरुस्ती करून उरलेले आयुष्य श्रींच्या सान्निध्यात काढावे, असा उभयतांचा विचार ठरला.

आगगाडी होती, विमानाची सोय होती. मुलाने तिकिटे काढण्याची तयारीही दाखविली. परंतु पत्नीने आग्रह धरला की जावयाचे ते मोटारीने आणि मुक्काम करीत करीत. "लग्नकार्याच्या पत्रिका सगळ्यांना टपालाने गेल्या, सांत्वनाचे निरोप फोनवर गेले. एकदा तरी माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या हातचा चहा घेऊ या," असे त्यांचे म्हणणे. पतीने होकार दिला. मात्र त्यांच्या पेटीत एक कागद होता, आणि त्या कागदामुळे या प्रवासाचा एक मुक्काम त्यांना अवघड वाटत होता. त्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

पत्नीने निघण्यापूर्वी एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर कुळदेवतेचे नाव लिहिले आणि दुसऱ्या पानापासून मुक्कामांची नावे घातली. ज्या घरी उतरावयाचे त्या घरच्या माणसांची नावे, जन्मसाले, सुनांची माहेरे व लेकींची सासरे तेथेच बसून लिहावयाची, असा त्यांचा संकल्प होता. पती हसून म्हणाले, "अगं, ही शिरगणती आहे की यात्रा?" पत्नी म्हणाल्या, "दोन्ही."

पहिला टप्पा मोठा, सुमारे पाचशे किलोमीटरचा. शिवपुरी, गुना, बियावरा अशी गावे मागे टाकीत सायंकाळी देवास आणि त्यानंतर इंदूर. इंदुरास पत्नीची थोरली बहीण. मेहुणे दारातच म्हणाले, "विमानाने एका दिवसात पोहोचला असता, साडूभाऊ!" त्यावर बहिणीनेच उत्तर दिले, "मग इंदूर त्यांनी खिडकीतून पाहिले असते." दोन दिवस बहिणीबहिणींचे बोलणे संपले नाही. बहिणीची दृष्टी अधू झालेली. वहीतली नावे तिला वाचून दाखवावी लागली, आणि तिने ऐकता ऐकता तीन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. जी माहिती कोठेही लिहिलेली नव्हती ती एका वृद्ध स्त्रीच्या डोक्यात शाबूत होती. आपल्या घराघरांतली खरी दफ्तरे अशी असतात आणि ती कोणत्या दिवशी बंद होतील याचा नेम नसतो.

इंदूरहून निघाल्यावर मानपूरचा घाट उतरून खलघाटास नर्मदा लागते. तेथे पत्नीने मोटार थांबवावयास लावून नदीला नारळ वाहिला. पुढे सेंधव्यानंतर सातपुड्यातील बिजासन घाट आणि देवीचे स्थान. तेथून उतरले की महाराष्ट्र. शिरपूरजवळ तापी ओलांडून धुळ्यास मुक्काम झाला. तेथे पत्नीचे मामा नव्वदीला टेकलेले. इतिहासाचार्य राजवाड्यांचे संशोधन ज्या गावात जपले गेले आणि समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते ज्या गावच्या वाग्देवता मंदिरात सांभाळली गेली, त्या गावात राहणाऱ्या मामांना जुन्या कागदांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको होते. वही पाहून ते म्हणाले, "नाशकात तुमच्या उपाध्यांच्या घरी गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या आजोबांनी तिथे काही लिहून ठेवले असेल."

येथे थोडे थांबावयास हवे, कारण नव्या पिढीला ही व्यवस्था माहीत नसते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशा क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांची घराणी यजमानांच्या नावांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवीत आली आहेत. यजमान क्षेत्री आला की उपाध्ये त्याचे आडनाव, गोत्र व मूळ गाव विचारतात. त्यावरून हा यजमान कोणत्या घराण्याचा हे ठरते. मग यजमान आपल्या हाताने आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव लिहितो आणि खाली तिथी घालतो. पुढच्या पिढीतला कोणी आला की त्याला मागचा लेख दाखवितात व त्याखाली त्याचा लेख घेतात. जेथे सरकारी दफ्तरे जळाली, वाळवीने खाल्ली किंवा राज्यांबरोबर गेली, तेथेही या वह्यांनी कित्येक घराण्यांची वंशावळ राखली आहे.

चांदवडच्या डोंगराखालून गाडी नाशकात आली. मावसभावाच्या घरी उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी उभयता पंचवटीत उपाध्यांच्या वाड्यात गेले. आडनाव सांगितले, गाव सांगितले. उपाध्यांनी आतून एक लांबट वही आणली. तासभर पाने उलटल्यावर शके १८६२ चा, म्हणजे १९४० सालचा, लेख सापडला. लेख मोडीत होता. उपाध्ये तो वाचीत गेले: आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव, महाल, कुळदेवता. मग दोन पुत्रांची नावे. आणि शेवटी, मजकूर संपल्यावर, किंचित बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. त्या ओळीत 'कन्या' असा शब्द घालून तीन वर्षांच्या मुलीचे नाव लिहिले होते.

उपाध्ये म्हणाले की असा लेख क्वचित आढळतो. मुलगी परक्या कुळात जाणार म्हणून तिचे नाव बहुधा कोणी घालीत नसे. या गृहस्थाने मात्र आवर्जून घातले होते. ती तीन वर्षांची मुलगी म्हणजे पतीची आत्या. २०२३ साली ती शहाऐंशी वर्षांची होती, बेळगावात राहत होती, आणि पतीच्या पेटीतला तो कागद तिच्यासाठी होता.

आता त्या कागदाची हकीकत. आत्याचे लग्न १९५४ साली बेळगावात झाले. तेव्हा गोव्याहून बेळगावला जाणे म्हणजे शेजारच्या गावी जाण्यासारखे होते. १८८८ पासून कॅसलरॉकमार्गे आगगाडी चालत होती. परंतु १९५५ च्या ऑगस्टातील सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली, गाड्या थांबल्या. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक घाट होता, तो एकाएकी दोन देशांमधला घाट झाला. १९५८ साली आत्याची आई आजारी पडली. परवान्याच्या खटपटीत दिवस गेले आणि आईचे शेवटचे दर्शन राहून गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि वाट उघडली, पण जिच्यासाठी जावयाचे ती राहिली नव्हती.

त्यानंतर १९८३ साली तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे या पतीच्या वडिलांनी, ग्वाल्हेरहून तिला रजिस्टर टपालाने एक हक्कसोडपत्र सहीसाठी पाठविले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार मुलीला मुलाइतकाच वारसाहक्क होता. आज गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे आणि त्यातही हा हक्क अबाधित आहे. म्हणून वडिलार्जित घराचे काही करावयाचे तर बहिणीची सही लागते, हे येथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. भावाच्या मनात लबाडी नव्हती. दूर राहणाऱ्या माणसाला कागद सरळ असावेत असे वाटते, इतकेच. परंतु पाकिटात कागदाखेरीज दुसरे काही नव्हते. चार ओळींचे पत्र नव्हते, 'तू कशी आहेस' अशी विचारणा नव्हती. आत्याने सही केली नाही, आणि कारणही कळविले नाही. कागद तसाच परत पाठविला. त्या दिवसापासून चाळीस वर्षे दोन्ही घरांत येणे-जाणे राहिले नाही. भाऊ निवर्तला तेव्हा बेळगावास निरोप गेला तो तिसऱ्याच्या तोंडून.

वडिलांच्या पेटीतला तो कागद पतीने निघताना बरोबर घेतला होता. घराच्या दुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज काढावयाचे तर मालकीचा प्रश्न मिटणे आवश्यक होते. चुलतभावानेही फोनवर बजावले होते की बेळगावचे काम उरकूनच या. नाशकाहून पुण्यास जाताना, सिन्नर व संगमनेरच्या वाटेवर, उभयतांत या एकाच विषयावर बोलणे चालले. पतीचे म्हणणे असे की आत्याचे वय पाहता उशीर करणे शहाणपणाचे नव्हे. पत्नीचे म्हणणे निराळे. "अहो, चाळीस वर्षांपूर्वी कागद एकटा गेला म्हणून दार बंद झाले. आता तुम्ही कागद घेऊन गेलात, तर तुम्हीही कागदाबरोबर आलेले पाहुणे ठराल. आधी तुम्ही जा. कागद गाडीत राहू द्या." पतीने उपाध्यांच्या वहीतल्या लेखाचे छायाचित्र आपल्या फोनवर घेतले होते. पुण्यात मुलीच्या सासरी दोन दिवस राहताना त्यांनी त्याची मोठी प्रत कागदावर काढून घेतली.

पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर हा मार्ग आता प्रशस्त आहे, त्याचे वर्णन नको. कोल्हापुरास महालक्ष्मीचे दर्शन घेऊन, निपाणी व संकेश्वर मागे टाकून गाडी बेळगावात शिरली तेव्हा दिवे लागले होते. १९५४ साली आत्या सून म्हणून आली तेव्हा हे शहर मुंबई राज्यात होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले, म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे नाव सरकारी कागदावर बेळगावी झाले. शहापुरातल्या त्या गल्लीतले घर मात्र एकाच जागी होते. ओसरीवर आत्या बसली होती. आतेभावाने कोण आले ते सांगितले. आत्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि मराठी सोडून कोंकणीत विचारले, "आयलो रे पुता?"

जेवणे झाली. घराचा विषय कोणी काढला नाही. ग्वाल्हेरच्या हवेचा, मुलांच्या नोकऱ्यांचा, गुडघ्यांच्या दुखण्याचा विषय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने आपली वही पुढे करून आत्याला माहेरची नावे विचारली. आत्या सांगत गेली: दोन भाऊ, आई, वडील, काका, गड्यामाणसांची नावे, पाडसाचे नाव, तुळशीपुढच्या दगडाचे काय झाले ते. मग पतीने नाशकाची ती प्रत तिच्या हाती दिली. मोडी अक्षर आत्याला लहानपणी वडिलांनी शिकविले होते. इतर काही वाचण्यापूर्वी तिला शेवटची ओळ दिसली. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मग आतेभावाला म्हणाली, "हे अक्षर बाबांचे. बाबांनी माझे नाव घातले होते."

त्यानंतर तिने चाळीस वर्षांत प्रथमच त्या जुन्या कागदाचा विषय काढला. सही करावयाची नाही असे तिने कधीच ठरविले नव्हते, असे तिने सांगितले. दादाने स्वतः येऊन मागितले असते तर तिने न वाचता सही केली असती. कागद आला तेव्हा तिला एवढेच वाटले की आईच्या वेळी सरकारने आडविले आणि आता भावाने नाव खोडावयास सांगितले. हे बोलताना तिच्या स्वरात राग नव्हता. पतीने उत्तर दिले नाही; त्यांनी वाकून नमस्कार केला. पत्नीने विचारले, "आत्या, जत्रेला येता का आमच्याबरोबर?"

आतेभाऊ प्रथम कबूल होईना. शहाऐंशीचे वय, घाटाचा रस्ता, हृदयाची दुखणी. आत्याने मात्र लगेच पेटी भरावयास सांगितली. दहाव्या दिवशी सकाळी गाडी जांबोटीच्या वाटेला लागली तेव्हा मागच्या आसनावर आत्या होती आणि तिच्या मांडीवर ओटीचे सामान होते. कणकुंबीस मलप्रभेच्या उगमापाशी थोडा विसावा घेऊन चोर्ल्याचा घाट उतरला. केरी, साखळी, होंडा, उसगाव, खांडेपार. फोंड्याच्या अलीकडे कुळागरे दिसू लागली तशी आत्या ठिकाणांची नावे आधीच सांगू लागली. काही बरोबर निघाली, काही ठिकाणी पूर्वीचे काहीच उरले नव्हते. ग्वाल्हेरपासून एव्हाना सुमारे सोळाशे किलोमीटर झाले होते.

श्रींपुढे आत्याने ओटी भरली. मग गावचे घर पाहिले. कुलूप उघडण्यास वेळ लागला. आतल्या खोलीची कौले फुटून पाणी गळत होते, भिंतीला ओल होती. तेथेच उभे राहून तिने विचारले, "तो कागद आहे का?" पतीने आहे म्हणून सांगितले. आत्या म्हणाली, "मी सही करीन. पण नाव सोडण्यासाठी नव्हे, नाव लावण्यासाठी. तुम्ही घर बांधा, राहा. मी काही मागत नाही. बाबांनी लिहिलेले नाव माझ्या हाताने मी खोडणार नाही."

चुलतभावाला हे रुचले नाही, हे नमूद करणे अगत्याचे आहे. कामे लांबतील, बँक प्रश्न विचारील, पुढच्या पिढीत वाटेकरी वाढतील, ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु पतीने ठरविले. १९८३ चा कागद त्यांनी बाजूला ठेवला. वकिलाकडून नवे कागद करविले आणि त्यांत आत्याचे नाव हिस्सेदार म्हणून घातले. कर्जाऐवजी निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एका वेळी एकेक खोली दुरुस्त करावयास घेतली. काम सावकाश झाले. चुलतभाऊ काही महिने कमी बोलत असे. पुढे पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावयास तोच मजूर घेऊन आला.

महाजन बंधुभगिनी हो, ही हकीकत एका घरची असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. आपल्या देवस्थानांचा कारभार १८८६ च्या व त्यानंतर १९३३ च्या महाजनीविषयक नियमावलीने बांधलेला आहे. महाजनांची नोंदवही हा त्या व्यवस्थेचा पाया आहे, आणि ती ठेवणाऱ्या जुन्या चिटणिसांचे आपल्यावर ऋण आहे. बहुतेक संस्थानांत ही नोंद पुरुषपरंपरेने चालत आली. कोण महाजन व कोण कुळावी, कोणास मताचा हक्क आणि कोणास नाही, हे प्रश्न नियमांचे आहेत. सभा व कायदा त्यांचा निर्णय करतील. आजच्या व्याख्यानाचा तो विषय नव्हे. परंतु नोंदवहीत जागा असो वा नसो, घराच्या वंशावळीत लेकीचे नाव लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. १९४० साली नाशकास गेलेल्या एका साध्या खेडुताला हे सुचले होते. त्याने लिहिलेल्या एका ओळीने त्र्याऐंशी वर्षांनंतर दोन घरांमधले बंद दार उघडले.

येथे दोन-तीन व्यवहाराच्या सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक महाजन कुटुंबाने एक वही करावी. तीत किमान चार पिढ्यांची नावे, जन्मसाले, सुनांची माहेरे आणि लेकींची सासरे लिहावीत. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून ती लिहावी, कारण पुरुषांना आडनावे ठाऊक असतात आणि नाती स्त्रियांना. क्षेत्राच्या ठिकाणी गेल्यास उपाध्यांच्या वहीतला आपल्या घराण्याचा लेख पाहावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्याखाली आजचा लेख पूर्ण करावा. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. त्यांच्याकडून जुने कागद वाचून घेण्याचे काम पुढे ढकलू नये. देवस्थान समितीने जत्रोत्सवात अग्रशाळेत एक दुपार यासाठी राखून ठेवली, तर दूरदूरहून आलेल्या कुटुंबांना आपापल्या वह्या ताडून पाहता येतील. एकाच्या वहीतला हरवलेला दुवा पुष्कळदा शेजारच्या पंगतीत बसलेला असतो.

आणि कागदांविषयी एक शब्द. वाटण्या, हक्कसोडपत्रे, मुखत्यारपत्रे ही संसाराची आवश्यक कामे आहेत. ती टाळण्यात शहाणपण नाही. परंतु कागदापूर्वी माणूस जावा. ज्याची सही हवी त्याच्या ओसरीवर आधी बसावे, त्याच्या घरचे पाणी प्यावे, त्याच्या दुखण्याची विचारपूस करावी. एवढ्याने प्रत्येक वाद मिटेल असे नाही. पण पुष्कळ वाद हिश्शामुळे उद्‌भवत नाहीत. कोणी विचारले नाही, या दुःखातून ते वाढतात, हे आपणांपैकी अनेकांनी आपापल्या घरी पाहिले असेल.

आता रस्ते रुंद झाले, वाहने वेगवान झाली, गावाबाहेरून वळणरस्ते निघाले. त्या वळणरस्त्यांनी प्रवास सुखाचा होतो आणि गावातली आपली माणसे बाजूला राहून जातात. ज्यांना शक्य आहे त्यांनी आयुष्यात एकदा तरी कुळदेवतेकडे येताना वळणरस्ता सोडून गावात शिरावे. वाटेवरच्या वृद्धांना भेटण्याची संधी पुढच्या माघापर्यंत थांबेलच असे नाही. त्या आत्याने पुढील दोन वर्षे जत्रोत्सवाला हजेरी लावली. त्यानंतर तिला प्रवास झेपेनासा झाला. आता तिची नात येते आणि आजीच्या नावाने ओटी भरते. त्या घराच्या वहीत नातीचेही नाव लिहिले गेले आहे.

श्रींच्या कृपेने आपणां सर्वांची घरे, वह्या आणि वाटा अशाच उघड्या राहोत, ही प्रार्थना करून हे व्याख्यान येथे पुरे होते.

इति शुभम्.